रानवाटांच्या रक्षणात लोकांचा वाटा

गोमंतभूमीचे पूर्वांग सह्याद्रीच्या रांगांनी सांभाळलेले आहे. सत्तरीपासून काणकोणपर्यंत पसरलेला हा वनपट्टा राज्याच्या नद्यांचा आधार आहे, शेती-बागायतीचा पाठीराखा आहे आणि असंख्य जीवजातींचे आश्रयस्थान आहे. या वनातून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या पायवाटा हा तेथील लोकजीवनाचा तितकाच जुना वारसा होय. वन आणि वाट यांचे नाते फार जवळचे आहे. ज्या वाटेने माणसे नित्य जातात तिच्या दुतर्फा असलेल्या रानाची त्यांना ओळख असते, आणि जे रान ओळखीचे असते त्याच्यावर घाला आला तर त्याची वार्ता प्रथम त्यांनाच लागते.

एखादे वनक्षेत्र शासनाच्या अधिसूचनेने राखीव होते. परंतु ते प्रत्यक्ष राखले जाण्यासाठी परिसरातील जाणत्या नागरिकांचे साहाय्य लागते. गेल्या चार दशकांतील गोवा आणि शेजारच्या बेळगाव सीमाभागातील अनुभव पाहिला म्हणजे या विधानाची सत्यता पटते. लोकांनी वेळीच नोंद केली, वेळीच हरकत घेतली आणि कायद्याने खुला ठेवलेला मार्ग चोखाळला, तेथे वनरक्षणाचे कार्य सफल झाले. जेथे लोकांना विश्वासात घेण्याचे काम अपुरे राहिले, तेथे वन्यजीवांचे आणि ग्रामस्थांचेही नुकसान झाले.

वाटांचा वारसा

कोकणपट्टी व घाटमाथा यांचे दळणवळण पूर्वापार घाटवाटांनीच चालत आले. चोर्ला, अनमोड, तिनई, दिगी ही नावे आजही परिचित आहेत. खाली उतरणारे धान्य आणि वर चढणारे मीठ, नारळ, सुपारी यांची ने-आण बैलांच्या पाठीवरून होत असे. मोलेच्या अरण्यातील तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेव मंदिर आज एकाकी भासते. परंतु इतके कोरीव काम असलेले देवालय निर्जन रानात उभे राहत नाही. त्या काळी तेथे राबता होता याची ते मंदिर साक्ष देते.

पुढे लोहमार्ग आला, मोटाररस्ते झाले आणि व्यापारी वाटा मागे पडल्या. तथापि गावोगावच्या पायवाटा लुप्त झाल्या नाहीत. कुळागराकडे जाणारी वाट, गुरांना चरावयास नेण्याची वाट, देवाच्या राईकडे जाणारी वाट, शेजारच्या वाड्यावरील सोयऱ्यांकडे जाण्याची वाट अशा अनेक वाटा अद्याप पायाखाली आहेत. अलीकडच्या काळात निसर्गाभ्यासक, विद्यार्थी व पदभ्रमण करणाऱ्या संस्था यांचीही त्यांत भर पडली आहे. सत्तरीतील केरीच्या परिसरातून बिनपायांच्या उभयचराची एक नवी जाती अभ्यासकांच्या हाती लागली आणि २००७ साली तिला गोव्याचेच नाव देण्यात आले. पायी हिंडून केलेल्या निरीक्षणाचे महत्त्व किती आहे हे यावरून ध्यानी येईल.

संरक्षित क्षेत्रांची साखळी

गोवा राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यापैकी सुमारे ७५५ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक पंचमांश भूमी, अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यान यांखाली आहे. एवढ्याशा राज्याच्या मानाने हे प्रमाण निश्चितच लक्षणीय होय. सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्य (सुमारे २०८ चौ. कि. मी.), त्याच्या दक्षिणेस धारबांदोडा तालुक्यात भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान (मिळून सुमारे २४० चौ. कि. मी.), सांगे तालुक्यात नेत्रावळी (सुमारे २११ चौ. कि. मी.) आणि काणकोणात खोतीगाव (सुमारे ८६ चौ. कि. मी.) अशी ही साखळी आहे. बोंडला अभयारण्य आणि चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य ही दोन लहान क्षेत्रे तिच्याबाहेर आहेत.

सीमेपलीकडे कर्नाटकात भीमगड अभयारण्य आणि काळी व्याघ्र प्रकल्प यांची वने या साखळीस लागून आहेत. वाघ, गवा, सांबर, रानकुत्रा यांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. म्हणून यांतील एक दुवा तुटला तर त्याची हानी त्या दुव्यापुरती मर्यादित राहत नाही. दोन्ही बाजूंचे वन वेगळे पडते आणि मोठ्या जनावरांचे येणेजाणे खुंटते. मग ती जनावरे वस्तीकडे वळतात.

लोकजागृतीची परंपरा

सह्याद्रीच्या रक्षणासाठी झालेल्या लोकप्रयत्नांत 'पश्चिम घाट बचाव' पदयात्रेचे स्थान अग्रगण्य आहे. नोव्हेंबर १९८७ मध्ये एक तुकडी महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील नवापूरहून आणि दुसरी कन्याकुमारीहून निघाली. वाटेतील गावांत सभा घेत, वनांची स्थिती डोळ्यांनी पाहत आणि टिपणे करीत या दोन्ही तुकड्या फेब्रुवारी १९८८ मध्ये गोव्यात फोंडा तालुक्यात एकत्र आल्या. या पदयात्रेमुळे पश्चिम घाटाचा एकसंध विचार प्रथमच इतक्या व्यापक प्रमाणात लोकांपुढे मांडला गेला. अनेक कार्यकर्त्यांची घडण तीतून झाली.

पुढे १९९९ साली म्हादई व नेत्रावळी ही दोन मोठी अभयारण्ये जाहीर झाली. त्यावेळी राज्यात राष्ट्रपती राजवट होती आणि ले. जनरल जे. एफ. आर. जेकब हे राज्यपाल होते. या निर्णयामागे पर्यावरणप्रेमी संस्थांचा दीर्घ पाठपुरावा होता. सत्तरीत श्री. राजेंद्र केरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी शिकारीविरुद्ध जागृती केली आणि गावोगाव फिरून वनांची, राईंची व लोकपरंपरांची माहिती संकलित केली. सत्तरीतील बांबर येथील 'निरंकाराची राय' पाहिली म्हणजे या कामाचे मोल कळते. दलदलीत वाढणाऱ्या रानजायफळाच्या वृक्षांची ही दुर्मीळ वने देवाच्या नावाने राखल्यामुळेच टिकून राहिली आहेत.

बेळगाव जिल्ह्यातही असाच अनुभव आला. खानापूर तालुक्यातील भीमगड परिसरात म्हादई नदीचा उगम आहे. तेथील बारापेडे गुहांत राहणारे एक जातीचे वटवाघूळ जगात अत्यंत थोड्या ठिकाणी आढळते. या वनास संरक्षण मिळावे ही मागणी बेळगावच्या निसर्गप्रेमी नागरिकांनी अनेक वर्षे लावून धरली. अखेर २०११ साली कर्नाटक शासनाने सुमारे १९० चौरस किलोमीटर क्षेत्राचे भीमगड अभयारण्य जाहीर केले.

मोलेचे उदाहरण

अभयारण्य एकदा जाहीर झाले म्हणजे कार्य संपले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो समज योग्य नाही, हे मोलेच्या उदाहरणाने दाखवून दिले. या क्षेत्रातून महामार्गाचे रुंदीकरण, कॅसलरॉक-कुळे लोहमार्गाचे दुपदरीकरण आणि ४०० किलोव्होल्टची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प प्रस्तावित झाले होते. त्यांपैकी लोहमार्गाच्या प्रस्तावास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मान्यता मिळाली. ही बैठक डिसेंबर २०१९ मध्ये झाली होती.

२०२० साली विद्यार्थी, वास्तुशिल्पी, प्राणिशास्त्रज्ञ, वनस्पतिशास्त्रज्ञ, पर्यटन व्यावसायिक व ग्रामस्थ यांनी या प्रकल्पांचा अभ्यास हाती घेतला. प्रकल्पांची कागदपत्रे मिळवून त्यांतील उणिवा दाखविण्यात आल्या. कोणत्या प्रजातींची नोंद राहून गेली, ओढ्यांचे मार्ग कोठे आडवले जातील, किती झाडे पडतील, याची तपशीलवार टिपणे तयार झाली. चित्रे, गाणी व भित्तिपत्रके यांच्याद्वारे विषय घराघरांत पोहोचला. लोहमार्गालगतच्या गावांनीही आपल्या घरांच्या व शेतांच्या संदर्भात आवाज उठविला. गोवा फाऊंडेशन या संस्थेने न्यायालयीन बाजू सांभाळली.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये आपला अहवाल सादर केला. हा घाट सदतीसास एक इतक्या तीव्र चढाचा असल्याने दुसरा मार्ग घातला तरी वाहतुकीची क्षमता फार वाढणार नाही आणि त्याच्या मोबदल्यात नाजूक वन मात्र कायमचे नष्ट होईल, असा तिच्या निष्कर्षाचा आशय होता. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोहमार्गाच्या दुपदरीकरणास दिलेली स्थायी समितीची मान्यता रद्द ठरविली. जैवविविधतेवरील परिणामांचा सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव मांडण्यास रेल्वेला मोकळीक ठेवण्यात आली. हा निकाल विकासाच्या विरोधात नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. आधी परिणामांचा अभ्यास आणि मग निर्णय, हा क्रम न्यायालयाने अधोरेखित केला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार खाणी, मोठे रस्ते आदी प्रकल्पांसाठी जनसुनावणीची तरतूद आहे आणि तिची किमान ३० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. लोहमार्ग व वीजवाहिन्या मात्र त्या अधिसूचनेच्या अनुसूचीत नाहीत. अशा प्रकल्पांच्या बाबतीत जनसुनावणीची वाट पाहत बसल्यास संधी हुकते. नागरिकांनी वनमंजुरी व वन्यजीव मंजुरीच्या टप्प्यांवरच लक्ष ठेवणे आवश्यक असते.

कायद्यात वाटेचे स्थान

पायवाट ही कायद्याच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २५ नुसार राखीव वनातील सार्वजनिक वा खाजगी वाट बंद करावयाची असल्यास राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते आणि तिच्याऐवजी सोयीची पर्यायी वाट उपलब्ध असावी लागते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्येही याचा विचार केलेला आहे. अभयारण्याचा उद्देश जाहीर झाल्यावर जिल्हाधिकारी स्थानिक भाषेत उद्घोषणा प्रसिद्ध करतात. तेव्हापासून दोन महिन्यांच्या आत त्या भूमीवरील हक्कांचे दावे लेखी सादर करावयाचे असतात. मुख्य वन्यजीव संरक्षकांशी विचारविनिमय करून एखादा हक्क पुढे चालू ठेवण्याची मुभा जिल्हाधिकाऱ्यांना कलम २४ अन्वये आहे. एखादी सार्वजनिक वाट अथवा सामाईक गायरान बंद करावे लागल्यास, शक्य तेथवर पर्यायी वाट अथवा गायरान देता येईल, असे कलम २५ सांगते. कलम २६-अ नुसार एकदा घोषित झालेल्या अभयारण्याच्या सीमांत राष्ट्रीय मंडळाच्या शिफारशीवाचून बदल करता येत नाही.

याच अधिनियमाने अभयारण्यातील प्रवेशावर निर्बंधही घातलेले आहेत. तेथील रहिवासी, तेथे स्थावर मालमत्तेचा हक्क असलेली व्यक्ती, सार्वजनिक हमरस्त्याने जाणारा प्रवासी अशा काही व्यक्ती सोडल्या तर इतरांना प्रवेशासाठी परवाना लागतो. अभ्यास, छायाचित्रण व पर्यटन या कारणांसाठी तो देता येतो. पदभ्रमणाची हौस असलेल्या मंडळींनी हा भेद नीट समजून घ्यावा. ग्रामस्थाची वहिवाटीची वाट आणि पर्यटकाची सहल या दोन गोष्टी कायद्याने एक मानलेल्या नाहीत. त्याचप्रमाणे दूधसागरकडे रुळांवरून चालत जाणे हे पदभ्रमण नसून रेल्वेच्या हद्दीतील बेकायदेशीर प्रवेश ठरतो. पावसाळ्यात तर तो जिवावर बेतू शकतो.

ग्रामस्थांचा विश्वास

अभयारण्याविषयी वनातील ग्रामस्थांच्या मनात काही शंका असतात. घर दुरुस्त करता येईल काय, काजूच्या बागायतीत जाता येईल काय, गुरे कोठे चारावयाची, नेहमीची वाट बंद होईल काय, हे प्रश्न त्यांच्या दृष्टीने निर्वाहाचे असतात. त्यांची उत्तरे हक्कनिश्चितीच्या कामातून मिळावयाची असतात. म्हादई व नेत्रावळी यांच्या बाबतीत १९९९ नंतर दोन दशके उलटूनही हे काम पूर्ण झालेले नव्हते. उत्तरे न मिळाल्यास शंकांचे रूपांतर रोषात होते.

जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावलीच्या परिसरात चार वाघ विषप्रयोगाने मेल्याचे उघडकीस आले. वाघाने मारलेल्या जनावराची भरपाई वेळेवर पदरी पडते आणि तक्रार ऐकण्यास कोणी तरी येतो असा भरवसा गुराख्यास असेल, तर अशा घटनांना आळा बसेल, हा त्या दुःखद प्रसंगाचा धडा आहे. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हा प्रदेश व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश देताना वननिवासींच्या हक्कांच्या निश्चितीचाही निर्देश दिला. व्याघ्र प्रकल्पाच्या आदेशाविरुद्ध राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. प्रकल्पासंबंधी मते भिन्न असू शकतील. परंतु हक्कनिश्चिती लवकर व्हावी याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

वनहक्क अधिनियम, २००६ ने ग्रामसभेला दुहेरी भूमिका दिली आहे. वैयक्तिक व सामूहिक हक्कांचे दावे ग्रामसभेपासून सुरू होतात आणि त्याचबरोबर वन, वन्यजीव व जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा अधिकारही ग्रामसभेस मिळतो. हक्क आणि जबाबदारी या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, ही दृष्टी या कायद्यामागे आहे.

नागरिकांना काय करता येईल

वनांच्या व वाटांच्या रक्षणासाठी मोठ्या संस्थेची अथवा द्रव्यबळाची गरज असतेच असे नाही. गावपातळीवर पुढील कामे सहज करता येण्याजोगी आहेत.

पहिले काम नोंदीचे. गावातील प्रत्येक वहिवाटीची वाट कोठून निघते, कोणत्या ओढ्यावरून जाते, कोठे संपते, तिचा उपयोग कोण व कशासाठी करतात, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे. भूमापन नकाशा व एक-चौदाचा उतारा यांच्याशी ती नोंद ताडून पाहावी. तोंडी वहिवाट कितीही जुनी असली तरी वादाच्या वेळी कागदच पुढे येतो.

दुसरे काम जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत करावयाचे. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांनी अशा समित्या स्थापून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. देवराया, झरे, दुर्मीळ वृक्ष, पक्ष्यांची घरटी असलेल्या जागा यांची त्या वहीत नोंद व्हावी. विशेष महत्त्वाचे स्थळ असल्यास ते जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित करण्याची तरतूद याच अधिनियमात आहे.

तिसरे काम मुदतीवर लक्ष ठेवण्याचे. पर्यावरण (संरक्षण) नियमांखाली निघणाऱ्या प्रारूप अधिसूचनांवर हरकती व सूचना पाठविण्यास ६० दिवसांची मुदत असते. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्रासंबंधी ३१ जुलै २०२४ रोजी निघालेल्या प्रारूपात गोव्याच्या १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्राचा अंतर्भाव होता. अशा प्रारूपाचा आपल्या गावापुरता भाग वाचून, अनुकूल वा प्रतिकूल जे काही असेल ते, सर्व्हे क्रमांकासह लेखी कळवावे. मोघम विरोधापेक्षा अथवा मोघम पाठिंब्यापेक्षा नेमकी सूचना अधिक उपयोगी पडते. प्रकल्पांची कागदपत्रे केंद्रीय मंत्रालयाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर पाहता येतात. जी तेथे नसतील ती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येतात. वनमंजुरीच्या आदेशाविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करावयाची मुदत ३० दिवसांची आहे. पुरेसे कारण दाखविल्यास ती आणखी ६० दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते.

चौथे काम वाटेवरील शिस्तीचे. वनविभागाची परवानगी घेऊन जावे, मळलेली वाट सोडू नये, प्लॅस्टिक मागे टाकू नये, उन्हाळ्यात आग पेटवू नये, देवराईत पादत्राणे व गोंगाट टाळावा. वाटेवर वणवा, फासे, तोड वा नवे खोदकाम दिसल्यास स्थान व वेळ टिपून वनाधिकाऱ्यास त्वरित कळवावे. स्वतः धाडस करून आरोपींच्या मागे लागू नये. शाळा-महाविद्यालयांनी वर्षातून एकदा आपल्या परिसरातील एका वाटेची पाहणी केली आणि मागील वर्षाच्या नोंदीशी ती पडताळून पाहिली, तर थोड्याच वर्षांत मौलिक माहिती हाती येईल.

वन ही एका पिढीची मिळकत नव्हे. ज्यांनी निरंकाराची राय राखली त्यांच्यापाशी अधिनियम नव्हते, नकाशे नव्हते. श्रद्धा होती आणि आपल्या रानाची खडान्‌खडा माहिती होती. आजच्या नागरिकापाशी अधिनियमही आहेत आणि नकाशेही आहेत. रानाची ती माहिती तेवढी गोळा करून कागदावर आणावयाची आहे. जाणत्या वडीलधाऱ्यांच्या हयातीत हे काम होणे अगत्याचे आहे. गावाच्या वाटांची आणि राईंची पहिली यादी येत्या ग्रामसभेपुढे ठेवण्यात आली, तर या कार्याचा शुभारंभ झाला असे म्हणता येईल.